शेवरीला कुणी विचारलं

फुलवडी नावाचं एक गाव होतं. गाव मूठभर आणि बागा पार डोंगराच्या पायथ्यापर्यंत. पिवळी शेवंती, पांढरी शेवंती, जांभळा अस्टर, आणि झेंडू तर इतका केशरी की दुपारी त्याच्याकडे बघताना डोळे आपोआप बारीक व्हायचे. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, इथली पोरं किती सुखात असतील. लांबून बघणाऱ्याचं काय, त्याला काहीही वाटतं.

या गावात सोनकी राहायची. नऊ वर्षांची, काडीएवढी, बोटं मात्र चिमणीच्या चोचीसारखी चपळ. आई-बाप नव्हते, एक कौसाआत्या होती. सोनकीने सकाळी फुलं तोडायची, दुपारी गजरे करायचे आणि संध्याकाळी फुलांची पाटी डोक्यावर घेऊन देवळाच्या पायरीशी बसायचं. शाळा तिसरीत सुटली. सुटली म्हणजे मोठ्यांनी सोडायला लावली. सोनकीला कुणी विचारलं नव्हतं.

कारण एवढंच होतं, की कौसाआत्याला पाटी उचलवत नव्हती. आत्याच्या डोक्यावर जट होती.

जट म्हणजे काय, ते सांगतो. केस विंचरले नाहीत की ते एकमेकांत अडकतात, गुंततात, आवळतात आणि शेवटी दोरखंडासारखे घट्ट होतात. बस. आत्याला एकदा मोठा ताप आला होता. महिनाभर ती अंथरुणात होती आणि तिचे केस विंचरायला घरातलं कुणी बसलं नाही. ती उठली तेव्हा जट झालेली होती. मग तेच सगळे मोठे लोक जमले, हात जोडले आणि म्हणाले, देवी आली अंगावर, आता कात्री लावायची नाही. कंटाळा यांचा आणि नाव देवीचं. त्याला आठ वर्षं झाली. जट कमरेपर्यंत आली, भिजली की चार-चार दिवस वाळायची नाही, आणि तिच्या वजनाने आत्याची मान डावीकडे वळेनाशी झाली. डावीकडचं काही बघायचं असलं की आत्या अख्खी वळायची, दारासारखी.

हिवाळ्यात गावात शेवरी आली. शेतावरच्या बंगल्यातले शहरातले पाहुणे सामान भरून निघून गेले आणि मांजर विसरले. विसरले कसले, टाकून गेले. काय रूप होतं तिचं. अंगावर सावरीच्या कापसासारखे लांब, पांढरे, रेशमी केस, शेपटी म्हणजे उसाचा तुराच, एक डोळा हिरवा नि एक निळा, आणि नाक अबोलीच्या कळीएवढं. पण असे केस रोज विंचरावे लागतात. कोण विंचरणार? केसांत गोखरू अडकले, कुसळं अडकली, धूळ बसली. आधी कानामागे गुठळ्या झाल्या, मग काखेत, मग पोटाला. चैत्र उजाडेपर्यंत तिच्या पाठीवर केसांची एक चपटी, करकरीत ढाल तयार झाली होती.

एके दिवशी ती लंगडत देवळाच्या ओट्यावर येऊन बसली. देवळाची किल्ली अण्णांच्या कमरेला असायची आणि गावाची अक्कलसुद्धा आपल्याच कमरेला आहे असं अण्णांना वाटायचं. त्यांनी चष्मा पुसला, वाकून बघितलं आणि म्हणाले, "जट आहे ही. मांजराच्या रूपात देवी आली."

सोनकीला वाटलं, अण्णा चेष्टा करताहेत. कुणीतरी हसेल म्हणून तिने आजूबाजूला पाहिलं. कुणी हसलं नाही. एका काकूने पदर डोक्यावर घेतला, दुसरीने हळदीकुंकू आणलं, अण्णांनी ते तेलात कालवलं आणि शेवरीच्या पाठीवर थापलं. शेवरीने अंग चोरलं. "बघा, शहारली," अण्णा म्हणाले. सोनकीचा आ वासलेला तसाच राहिला. एवढी मोठमोठी माणसं, मिशांची, चष्म्यांची, आणि एकालाही दिसत नव्हतं की मांजराला दुखतंय.

तीन-चार दिवसांनी एका दुपारी सगळं गाव जेवून आडवं झालं होतं. सोनकी बागेत बसून गजरे करत होती. अस्टरच्या ताटव्यातून बारीक किणकिण ऐकू आली, कुणीतरी इवलंसं पैंजण आपटतंय तशी. तिने फांद्या बाजूला केल्या आणि तिच्या हातातली सुई गळून पडली.

कालच्या फेकलेल्या दोऱ्याच्या गुंत्यात एक परी अडकली होती. करंगळीएवढी. झगा जांभळा, काठ सोनेरी, केसांत दवाचे मणी, आणि पंख मधमाशीच्या पंखांइतके पातळ. एका पंखाभोवती दोरा गच्च आवळला होता.

सोनकीने वाकून गाठ नीट बघितली. मग हळूच म्हणाली, "दोरा तोडू की सोडवू? तोडायला गेले तर पंखाला हिसका बसेल. सोडवायला वेळ लागेल. तुला काय चालेल?"

आता थक्क व्हायची पाळी परीची होती. "तू मला विचारतेस?"

"पंख तुझा आहे," सोनकी म्हणाली.

"सोडव," परी म्हणाली.

गजरेवालीला गुंता नवा नसतो. गुंत्याचं टोक कधी ओढायचं नाही. गाठीच्या मागे दोन बोटं धरायची, म्हणजे ताण पुढे जात नाही, आणि सुईच्या टोकाने बाहेरून एकेक पदर सैल करायचा. सोनकीने तसंच केलं. पंख सुटला, थरथरला, आणि त्यातून गुलाबी, निळी, पिवळी चमचम सांडली.

"माझं नाव पाकळी," परी म्हणाली. "सोनुले, मी तुला तीन इच्छा देते. पण नियम आहेत."

"असणारच," सोनकी म्हणाली. मोठ्यांनी दिलेल्या प्रत्येक गोष्टीला नियम असतात, हे तिला पाठ होतं.

"पहिला, जे तुझ्या हातांनी होण्यासारखं आहे ते माझ्याकडे मागायचं नाही. दुसरा, ज्याच्यावर इच्छा चालवायची त्याला आधी विचारायचं. तो नको म्हणाला तर नको. नियम मोडलास तर ती इच्छा विझून जाईल." पाकळीने फुंकर घातली आणि सोनकीच्या तीन नखांवर तीन टिकल्या उमटल्या, लाल, पिवळी आणि निळी, काजव्यासारख्या लुकलुकणाऱ्या. "आणि तिसरा नियम माझ्यासाठी आहे. तुला काय हवंय असं तुला कुणीतरी विचारेपर्यंत मी तुझ्या वेणीत राहणार."

"मग तू कायमची राहशील," सोनकी म्हणाली.

सोनकी पळत देवळामागे गेली. शेवरी पायरीखाली मुटकुळं करून बसली होती.

"हिची जट जाऊ दे," सोनकी मागणार होती, पण पाकळीने वेणी ओढली. "ते हातांनी होतं. हातांनी काय होत नाही, ते शोध."

सोनकीने विचार केला. मग गुडघ्यांवर बसून म्हणाली, "शेवरी, तुझं बोलणं मला कळलेलं चालेल का?"

शेवरीने डोळे हळूच मिटले आणि हळूच उघडले.

"मांजरांचा हा होकार," पाकळी कुजबुजली. लाल टिकली चमकून विझली.

"आधी ती देवळातली सकाळ-संध्याकाळची घंटा बंद करायला सांग," शेवरी म्हणाली.

सोनकी मागच्या मागे बसली. परी बोलते ते ठीक आहे, परी बोलायचीच. पण मांजराचा आवाज असा रागावलेल्या मास्तरीणबाईसारखा असेल, असं तिला वाटलं नव्हतं.

"काखेत दुखतंय," शेवरी सांगू लागली. "पोटाला दुखतंय. मागचा उजवा पाय लांब होत नाही, त्यामुळे उडी मारता येत नाही, त्यामुळे गावातली सगळी कुत्री माझ्यावर खूश आहेत. आणि तो म्हातारा रोज अंगावर तेल थापतो. त्याच्या हाताला तंबाखूचा वास येतो."

"मी सोडवू?"

"ओढणार?"

"नाही."

"पाणी लावणार?"

"लावू का? मऊ होईल."

"खुळी आहेस का? ओलं झालं की गुंता आवळतो. मग कातडी आतल्या आत खेचली जाते, आणि तिथं कायम चिमटे बसत राहतात. आत्ताच श्वास घेताना ओढ बसते. आणखी आवळलं तर मी चालूसुद्धा शकणार नाही."

सोनकीने बोटांवर दिवस मोजले. आठ दिवसांवर चैत्र पौर्णिमेची जत्रा होती. त्या दिवशी मांजराला अकरा घागरी पाण्याने न्हाऊ घालायचं, असं अण्णांनी कालच सगळ्यांना सांगितलं होतं.

दुसऱ्या दुपारपासून, गावाच्या घोरण्याच्या साथीवर, सोनकी कामाला लागली. आत्याने साडीला खळ करायला ठेवलेलं आरारूट तिने चिमूटभर घेतलं आणि गुठळीवर भुरभुरलं, म्हणजे केस कोरडे आणि निसरडे होतात. दोन बोटं कातडीशी धरली. सुईच्या बोथट बाजूने टोकाकडून एकेक केस सुटा केला. पाटीत पडली गोखरूची काटेरी पिल्लं, झेंडूची वाळकी पाकळी, आणि कुंकवाने लाल झालेले तांदळाचे दाणे. तिने सुरुवात पोटापासून केली, कारण पोट कुणाला दिसत नाही.

"पुरे," शेवरी मध्येच म्हणायची.

"अर्धी गुठळी राहिली."

"पुरे म्हणाले ना."

सोनकी थांबायची. उद्या पुन्हा. चौथ्या दिवशी शेवरीचं पोट दुधाच्या सायीसारखं मऊ झालं आणि तिने पहिल्यांदा घुर्रर्र केलं. तेवढ्यात मागे सावली पडली.

कौसाआत्या उभी होती. सोनकी गोठून गेली. आता रट्टा बसणार, म्हणून तिने खांदे वर घेतले.

आत्या ओरडली नाही. तिने पाटीतल्या केसांकडे बघितलं, मग मांजराकडे. "दुखतं का गं तिला?" तिने विचारलं. तिचा हात नकळत स्वतःच्या मानेवर गेला होता.

"फार दुखतं, आत्या."

आत्या अख्खी वळली आणि निघून गेली. पण संध्याकाळी आरारुटाचा डबा जाळीच्या कपाटातून बाहेर, सोनकीच्या हाताला येईल असा ठेवलेला होता.

पोट झालं, काखा झाल्या. सहाव्या दिवशी सोनकीने कानामागची गुठळी सोडवली, आणि तिथेच चुकली. कान दिसतात. अण्णांच्या लक्षात आलं.

"कुणाचं काम हे?" अण्णांनी ओट्यावरून विचारलं.

"माझं," सोनकी म्हणाली. "तिला दुखत होतं."

"तुला मांजराने सांगितलं?"

"हो."

सगळे हसले. याच्यावर मात्र हसले. अण्णांनी शेवरीला उचलून देवळातल्या भांड्यांच्या खोलीत टाकलं, कुलूप लावलं आणि किल्ली कमरेला खोचली. "जत्रेपर्यंत आत राहील. आणि कौसा, पोरीला आवर. लहान तोंडी फार बोलायला लागली."

आत्याने डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला.

सोनकी बागेत धावली. तिचं डोकं तापलं होतं, कान लाल झाले होते. "येऊ दे," ती ओरडली, "या सगळ्या मोठ्यांच्या डोक्यावर जटा येऊ दे, पायापर्यंत, आणि कुणालातरी त्या ओढू दे."

पिवळी टिकली फुस्स झाली. नखावर काळा ठिपका उरला.

सोनकी त्या ठिपक्याकडे बघतच राहिली. "हे काय?"

"तू त्यांना विचारलंस?" पाकळी वेणीतून म्हणाली.

"त्यांनी कुणाला विचारलं?"

"नाही विचारलं. आणि बघ कसे झालेत."

सोनकीने मुठीने डोळे पुसले. एकच टिकली उरली होती, निळी, मोहरीएवढी.

पौर्णिमेची सकाळ आली. देवळासमोर रांगोळ्या होत्या, आंब्याची तोरणं होती, झेंडूचा सडा होता, सनई होती. मधोमध तांब्याचं मोठं घंगाळ, आणि त्यात शेवरी, पाठीवर हळदीने पिवळीजर्द झालेली ढाल घेऊन, थरथरत. बाजूला पाण्याच्या अकरा घागरी.

"पहिलं पाणी कौसा घालेल," अण्णा म्हणाले. "तिच्या अंगावर देवी आहे."

आत्याने घागर उचलली. सोनकी गर्दीत पायांमधून वाट काढत घंगाळापाशी पोचली.

"शेवरी, तुझं बोलणं सगळ्यांना ऐकवू का?"

"ऐकव," शेवरी म्हणाली. "पण लवकर."

"ऐकणाऱ्यांनाही विचारायला हवं," पाकळीने आठवण दिली.

सोनकी उठून उभी राहिली. "शेवरी काय म्हणते, ते ऐकायचंय का तुम्हाला?"

अण्णांनी मिशीत हसून गर्दीकडे बघितलं. "ऐकव की. देवी काय म्हणते ते ऐकायलाच जमलोय आम्ही. काय हो?"

"हो, हो," गर्दी म्हणाली.

"मग ऐकू येऊ दे," सोनकी म्हणाली. निळी टिकली भपकन पेटली. घंगाळावर निळ्या, मोरपंखी ठिणग्यांचा पाऊस पडला.

"पाणी नको," शेवरी म्हणाली.

सनई मध्येच तुटली. एका काकूच्या हातातलं ताट खाली पडलं आणि गोल गोल फिरत राहिलं.

अण्णांनी घाईघाईने हात जोडले. "देवी बोलली."

"देवी नाही," शेवरी म्हणाली. "मी मांजर आहे. मला दुखतंय. अण्णा, तुम्ही रोज माझ्या पाठीवर हात ठेवता. आज एकदा त्या ढालीखाली बोट घालून बघा. हळू."

सगळं गाव बघत होतं, आता मागे सरकता येईना. अण्णांनी वाकून ढालीची कड किंचित उचलली. आतली कातडी लालभडक होती, जागोजागी सोललेली, आणि तीवर आठवडाभराचं कुंकू चिकटलेलं. अण्णांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"आम्हाला वाटलं," ते चाचरत म्हणाले, "आम्हाला वाटलं..."

"वाटलं," शेवरी म्हणाली. "विचारलं नाही."

मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, मुहूर्त टळतोय, ओता एकदाचं." अशी माणसं प्रत्येक गावात असतात.

कौसाआत्याने घागर खाली ठेवली. ती रांगोळीवरच बसली आणि तिने डोक्यावरचा पदर काढला. गावाने तिची जट आठ वर्षं नुसती पदराखालून बघितली होती. आता ती उघडी पडली, काळी, जड, झाडाच्या मुळासारखी.

"सोनके," आत्या म्हणाली, "गजऱ्याची कात्री आण."

"कौसा, देवीचा कोप होईल," अण्णा म्हणाले, पण त्यांच्या आवाजात नेहमीचा जोर नव्हता.

"मला ताप आला होता, अण्णा. मी पडल्यापडल्या फणी मागितली होती. ती द्यायला घरात कुणाला सवड नव्हती. तुम्ही तेव्हा दारात उभे होतात."

अण्णांनी चष्मा काढला आणि तो पुसत बसले.

सोनकी कात्री घेऊन आत्याच्या मागे उभी राहिली. जट हातात घेतली आणि तिचा हातच खाली गेला. फुलांच्या भरल्या पाटीइतकी ती जड होती. "आत्या, ही सुटायची नाही. कापावी लागेल. कापू?"

"काप."

"नक्की?"

"आठ वर्षांत पहिल्यांदा कुणी विचारतंय. काप बाई."

कात्री कुरकुर, कुरकुर चालली. जट धप्पकन रांगोळीवर पडली. सगळ्यांनी श्वास रोखला आणि आभाळाकडे बघितलं. आता वीज पडणार, आता जमीन फाटणार. एक चिमणी आली, रांगोळीतलं पीठ टिपून उडून गेली. बाकी काही झालं नाही.

आत्याने मान हलवून बघितली. मग हळू, फार हळू, एकटी मान डावीकडे वळवली. डावीकडे सोनकी वाकून पडलेली जट गोळा करत होती. आत्याने तिच्या टाळूवरून बोटं फिरवली.

"हे काय गं? टाळूवर तुझे केस झिजलेत." पाटी टेकून टेकून सोनकीच्या टाळूवर वाटीएवढं टक्कल पडलं होतं. "किती दिवस झाले?"

"झाले बरेच."

"मला दिसलंच नाही," आत्या म्हणाली. आणि हे खरं होतं, पण ते काही नुसतं मानेमुळे नव्हे.

त्याच सकाळी अण्णांनी मोटरसायकल काढली. मांडीवर टोपली, टोपलीत शेवरी, आणि तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यापर्यंत शेवरी त्यांना खड्डे चुकवायला सांगत होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बारीक मशीनने ढाल एका तुकड्यात काढली, मलम दिलं आणि अण्णांना एवढं बोलल्या, एवढं बोलल्या, की परत येताना अण्णा कुणाशी काही बोलले नाहीत. निळ्या टिकलीचा उजेड संध्याकाळी मावळला. मग मांजराचं बोलणं पुन्हा फक्त सोनकीला कळू लागलं.

दुसऱ्या दिवशी बागेत कोवळं ऊन सांडलं होतं. पाकळ्यापाकळ्यांवर दवाचे थेंब मोत्यांसारखे लुकलुकत होते. पाठ भादरलेली शेवरी, अर्धी मांजर आणि अर्धी सोललेली कैरी दिसत होती, पण ती कुंपणावर उडी मारून बसली होती आणि मागचा उजवा पाय लांबच्या लांब ताणून चाटत होती. आत्याने पाटी उचलली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवली. मग ती थांबली.

"सोनके, तुला काय हवंय? शाळेत जायचंय का परत?"

सोनकीच्या हातातला गजरा अर्धाच राहिला. हा प्रश्न तिने कधी ऐकलाच नव्हता, त्यामुळे त्याचं उत्तर तोंडात तयार नव्हतं. आत्याने घाई केली नाही. पाटी डोक्यावर घेऊन ती तशीच उभी राहिली.

सोनकीच्या वेणीतून बारीक किणकिण आली. पाकळी वर उठली, जांभळी, सोनेरी, मग नुसतीच सोनेरी. तिने सोनकीच्या टाळूवर, अगदी त्या झिजलेल्या जागी, एक पापा ठेवला. मग ती फुलबाजीसारखी फुलली, शेवंतीवर पिवळी सांडली, अस्टरवर निळी सांडली, आणि उन्हात ऊन मिसळावं तशी दिसेनाशी झाली. गवतात एक इवलीशी रुपेरी फणी तेवढी चमकत राहिली.

"उत्तर दे की," कुंपणावरून शेवरी म्हणाली. "बाई खोळंबलीय."

सोनकीने आत्याकडे बघितलं. डोळे हळूच मिटले, आणि हळूच उघडले.

आत्याला मांजरांची भाषा येत नव्हती. पण तिला कळलं.